शंकरप्पा मास्तरांचं साहेबी इंग्रजी

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोडच लिहावं लागतं. माझे सासरे शंकरप्पा ठणठणीत आहेत. रोज सकाळी कपाळाला विभूती लावून मुरुम गावच्या पेठेतून फेरी मारतात. म्हणून त्यांच्याविषयी आत्ताच लिहून घेते, म्हणजे खरं लिहिता येईल.

त्यांना गावात कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे मास्तर म्हणतात. जन्मभर त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. पेठेतला भुसारवाला, मेडिकलवाला, सराफ, सगळे त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठे झाले. मास्तर दुकानावरून जाऊ लागले की पन्नाशीची, ढेरी सुटलेली माणसंसुद्धा गल्ल्यावरून उठून उभी राहतात. हे मास्तरांना इतकं आवडतं की काही काम नसलं तरी ते पेठेतून जातात आणि तसेच परत येतात.

त्यांचं इंग्रजी एकाच जातीचं आहे, अर्जाचं. 'मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट' हे वाक्य ते मंत्रासारखं म्हणतात. गावात विजेचा डीपी जळाला, रेशनकार्डात नाव चुकलं, शाळेपाशी एसटीचा थांबा पाहिजे झाला की आजही लोक त्यांच्या दारात येतात. मग मास्तर हातपाय धुतात, भर उन्हाळ्यात कोट चढवतात, खुर्चीत ताठ बसतात आणि अर्ज लिहायला घेतात. मराठीत दिला तरी चालतंय की मास्तर, असं कोणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, "मराठीत मागितलं की ती भीक हुतीया, इंग्रजीत मागितलं की मागणी हुतीया." ह्या वाक्यावर गाव खूश आहे. 'बेग' म्हणजेच भीक मागणं, हे मी त्यांना सांगितलं नाही. लग्न नवीन होतं आणि तेव्हा मला त्यांची भीती वाटायची.

घरात मात्र ह्या अदबीचा टिपूस सापडणार नाही. बायकोला ते कन्नडात हाक मारतात, "ए, इल्ली बा." म्हणजे, ए, इकडं ये. जगदेवी हे त्यांच्या बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मुलाला गाढवा म्हणतात, मला ए पोरी. चहा पाहिजे असला की रिकामा कप फरशीवर आपटतात. सगळा मान, सगळी नम्रता त्यांनी इंग्रजीसाठी राखून ठेवली आहे. पाहुण्यांसाठी काचेचे कप फडताळात ठेवतात आणि घरच्यांना जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, कपात देतात, तसं.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा शेंगा फोडता फोडता मला त्यामागची गोष्ट सांगितली. मास्तर नोकरीला नवे असताना वर्गावर तपासणीला एक मोठे साहेब आले. मास्तरांनी लगबगीनं खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, 'सिट डाऊन, सर.' त्यांच्या मनात 'बसा साहेब' होतं. साहेबांनी सगळ्या पोरांसमोर त्यांना झापलं. कुत्र्याला बस म्हणावं तसं मला म्हणतोस का? ही भाषा बरोबरीच्या माणसाशी बोलायची, आणि तू माझ्या बरोबरीचा नाहीस. त्या दिवशी मास्तर घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांनी तसलं आखूड इंग्रजी बोलायचं सोडलं ते सोडलंच. ऐकून मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एका साहेबानं केलेल्या अपमानाचं उट्टं ह्या माणसानं गावातल्या पोरांवर काढलं, आणि शेवटी माझ्यावर. त्या साहेबाला कधी कोणी काही बोललं नाही.

मी जळकोटची. वडील शेती करतात. शाळेत मीसुद्धा असलंच अर्जाचं इंग्रजी शिकले, इंजिनिअर झाले आणि पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. पहिल्याच आठवड्यात ताप आला तर मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर, काइंडली ग्रँट मी लीव्ह.' सगळी टीम हसली. मॅनेजरचं नाव कृष्णराज, बडोद्यात वाढलेला, सगळे त्याला क्रिश म्हणतात. तो म्हणाला, सर म्हणू नकोस, आणि ताप आला तर 'नॉट वेल, टेकिंग द डे ऑफ' एवढं पुरे. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला क्रिश म्हणायचं! जीभ वळेना. आरशासमोर उभी राहून मी 'हाय क्रिश' म्हणायचा सराव केला आहे, कोणाला सांगू नका. अर्जाचं इंग्रजी शाळेनं फुकट दिलं होतं. हे दुसरं, कॅन्टीनमधलं, पाय पसरून बसलेलं इंग्रजी मी ऐकून, चोरून, चारचौघांत हसं करून घेऊन शिकले. एखादी गोष्ट नाही पटली तर 'नाह, दॅट वोन्ट वर्क' असं तोंडावर म्हणता यायला मला वर्ष लागलं. ते यायला लागलं तेव्हाच लोक माझं ऐकायला लागले. हे माझं कमावलेलं होतं. वडिलांच्या शेतात माझा वाटा असेल नसेल, ह्यात कोणाचा वाटा नव्हता.

मग लग्न झालं. नवऱ्याचं नाव शंभुलिंग. इथं लिहिते आहे, घरात घेत नाही. आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आत्याबाई तर देवळात जाऊनसुद्धा शंकराला महादेवच म्हणतात. शंभुलिंगचं मुरुममध्ये खता-बियाण्यांचं दुकान आहे. तो भला माणूस आहे आणि मला त्याच्याजवळ राहायचं होतं, हे सरळच सांगते. कंपनी तेव्हा घरून काम करू देत होती, म्हणून मी वरच्या खोलीत टेबल मांडलं आणि सुखानं कामाला लागले.

दोनेक वर्षांनी कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात परत बोलवायला सुरुवात केली. मोजक्या लोकांना घरून काम करायची परवानगी मिळणार होती आणि ती मॅनेजरच्या शिफारशीवर होती. क्रिश म्हणाला, तुझी शिफारस मी करतो, महिनाअखेर एचआरबरोबर एक मीटिंग होईल, तू काळजी करू नकोस. परवानगी मिळाली असती तर नवरा आणि नोकरी दोन्ही मुरुममध्येच राहिली असती. नाही मिळाली तर दोहोंतलं एक सोडायचं. त्या दिवसांत माझं सगळं ह्या एका गोष्टीवर टांगलेलं होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

मास्तरांना तोवर सुनेचं कौतुक होतं. सून इंग्रजीत नोकरी करते, हे पेठेत दहादा सांगून झालं होतं. पण आपण ते इंग्रजी कधी ऐकलं नाही, ह्याची त्यांना रुखरुख असावी. एक दिवस मला न सांगता त्यांनी माझ्या दाराबाहेर दोन खुर्च्या टाकल्या, कोट घातला आणि मित्राला बोलावून आणलं. हे वीरप्पा, तेलाच्या घाण्याचे मालक. "शरणार्थी मास्तर," असा आमच्या लिंगायतांचा नमस्कार घालत ते आले आणि दोघं कीर्तनाला बसावं तसे दाराशी बसले. दार नुसतं लोटलेलं होतं.

नेमकी त्या दिवशी मी खुशीत होते. "हे क्रिश! यू ऑल राइट?" इथपासून माझी सुरुवात झाली. मग कोणाचं तरी म्हणणं खोडून काढत मी म्हटलं, "नाह, नाह, लिसन टु मी, गाईज." त्यावर क्रिशनं काहीतरी गंमत केली आणि मी खळखळून हसले. मीटिंग संपवून दार उघडलं तर समोर मास्तर उभे. चेहरा काळाठिक्कर पडलेला.

"ह्यो क्रिश कोण?"

"माझे मॅनेजर, अप्पा." घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणायचे.

"वय काय त्याचं?"

"बावन्न-त्रेपन्न असेल."

"आन् तू त्याला 'हे' म्हणतीस? बैलाला हाळी देतीस का गं?"

"तिकडं तसंच बोलतात, अप्पा. त्यांनीच सांगितलंय, नावानं हाक मार म्हणून."

"वरच्यानं म्हटलं म्हणून खालच्यानं तसं करायचं नसतंय. नवऱ्याचं नाव बी न घेणाऱ्या बाया ह्या घरात हायती. आन् तू परक्या गड्याचं नाव अर्धं मोडून घेतीस, त्याला तोंडावर न्हाय म्हणतीस, वर फिदीफिदी हसतीस. हे इंग्रजी हाय व्हय? हे तर धाब्यावरचं बोलणं!"

"जाऊ द्या मास्तर, आजकालच्या पोरी हायत्या," असं म्हणून वीरप्पा उठले आणि थेट पेठेत गेले. तिथं त्यांनी काय सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आत्याबाई गिरणीत दळण घेऊन गेल्या होत्या. तिथं एका बाईनं त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "किरीस कोण गं तुमचा? मास्तरांची सून दार लावून त्याच्यासंगं हसत बोलती म्हणं." आत्याबाई दळण तिथंच ठेवून रडत घरी आल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वीरप्पांच्या घाण्यावर जाऊन त्यांना चार शब्द सुनावणार होते, पण आत्याबाईंनी हात जोडले.

मास्तरांनी वीरप्पांना एक शब्द विचारला नाही. कायदा केला तो माझ्यासाठी. "ह्या घरात इंग्रजी बोलायचं तर इंग्रजीवानी बोलायचं. सर म्हणायचं, काइंडली म्हणायचं. जमत नसंल तर तोंड मिटायचं."

"अप्पा, ही माझी नोकरी आहे. तुमचा वर्ग नाही."

"नोकरी तुझी असंल. घर माझं हाय."

आणि घराबरोबर वायफायचा डबाही त्यांचाच होता, त्यांच्या खोलीत, त्यांच्या उशाशी. पुढच्या मीटिंगला मी 'हाय क्रिश' म्हटलं आणि समोरची माणसं पडद्यावर थिजली. मास्तरांनी बटण बंद केलं होतं. वरच्या खोलीत मोबाईलला धड रेंज येत नाही. मी जिना उतरून भांडायला गेले तर म्हणाले, "सर म्हण, लगेच चालू करतो." शाळेत पोरांना बाकावर उभं करून ते असंच बोलत असतील. त्या क्षणी मला त्यांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

माझ्यावरचा राग ते आत्याबाईंवर काढू लागले. भाकरी जाड झाली, शेंगाच्या चटणीत मीठ जास्त झालं, सून तुझ्या लाडानं बिघडली. शेवटी शंभुलिंग दुकानातून आला आणि दारातच म्हणाला, "सर म्हण की थोडे दिस. आपलं काय जातंय? मीटिंग हून जाऊ दे, मग बघू." एवढा धिप्पाड गडी, दुकानात युरियाची पोती एका हातानं लोटणारा, पण बापापुढं त्याचं मांजर होतं. काय जातंय, हे त्याला कळलं नाही. मलाही नीट कळलं नव्हतं, म्हणूनच मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं सुरू झालं. "गुड मॉर्निंग, सर. आय वुड लाइक टु सबमिट माय रिपोर्ट, सर." क्रिशला आधी वाटलं, मी नक्कल करते आहे. तो हसला. "व्हाय सो फॉर्मल, शुभ्स?" शुभांगीचं त्यानं शुभ्स केलं होतं. मी म्हटलं, "नथिंग, सर." बाहेर खुर्ची करकरली. मास्तर समाधानानं मागं टेकले असणार.

मराठीत तुम्ही म्हटलं की समोरचा माणूस मोठा होतो. पण रोज क्रिश म्हणणारी बाई एक दिवस अचानक सर म्हणायला लागली की समोरचा माणूस परका होतो. आपल्याकडेही आहेच की हे. भाऊबंदकीत भाऊ भावाला अहो-जाहो करायला लागला की समजावं, बांध फुटला. मास्तरांना भाऊबंदकी कळते, पण इंग्रजीतही माणसंच राहतात हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या इंग्रजीत फक्त साहेब होते आणि अर्जदार होते.

क्रिश हळूहळू मला शुभ्स म्हणायचा थांबला. मग शुभांगी, मग नुसतंच काम. त्याची उत्तरं 'अ‍ॅज पर युवर रिक्वेस्ट' अशी सुरू होऊ लागली आणि प्रत्येक उत्तराची एक प्रत एचआरला जाऊ लागली. माझ्या टीममधल्या निकितानं फोन केला.

"शुभांगी, तुझं क्रिशशी काही झालंय का?"

"नाही गं."

"मग असं का बोलतेस त्याच्याशी? सगळे म्हणतायत, तू त्याची तक्रार करणार आहेस. तो तुझ्याशी एकटं बोलायला घाबरतोय."

तेव्हाच तिला सांगून टाकायला पाहिजे होतं. पण काय सांगणार होते? की माझे सासरे दाराबाहेर कोट घालून बसतात आणि मी सर म्हटलं नाही तर वायफाय बंद करतात? घरची भांडणं चव्हाट्यावर आणायची नाहीत, हे माझ्याही अंगात मुरलेलं आहे. मी म्हटलं, काही नाही, कामाचा ताण आहे. मीटिंगच्या दिवशी क्रिशला स्वतःच सगळं सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

त्या दिवशी सकाळीच मी शंभुलिंगला बजावलं, "अहो, आज अप्पांना दुकानात घेऊन जा. काही करून दुपारपर्यंत अडकवून ठेवा." तो घेऊन गेला. पडद्यावर क्रिश होता आणि शेजारच्या चौकोनात एचआरची हर्षाली. मी कितीतरी दिवसांनी माझ्या इंग्रजीत बोलले, "क्रिश, लुक, आय ओ यू अ‍ॅन एक्सप्लनेशन." क्रिशच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तो पुढं झुकला. आणि माझ्या मागचं दार उघडलं.

मास्तर दुकानातून निसटून आले होते. कोट अंगावर होता. आमच्याकडे एक चाल आहे. सुनेनं, लेकरानं कोणाचा अपमान केला तर घरातल्या वडीलधाऱ्यानं त्या माणसापुढं जायचं आणि हात जोडायचे, लेकरू हाय, पदरात घ्या. चांगली चाल आहे. तिनं मुरुममधली कितीतरी वैरं विझवली आहेत. मास्तरांनी दाराबाहेरून 'क्रिश' ऐकलं आणि त्यांना वाटलं, आज सुनेची परवानगी जाणार, आता आपणच सावरलं पाहिजे. माझं वाईट करायला ते आले नव्हते, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही. ते माझ्या खुर्चीमागं उभे राहिले आणि त्यांनी लॅपटॉपपुढं हात जोडले.

"रिस्पेक्टेड सर, मोस्ट हम्बली आय बेग टु स्टेट दॅट माय डॉटर-इन-लॉ इज अ गर्ल ऑफ इमॅच्युअर कंडक्ट. आय हॅव बीन लिसनिंग टु हर डेली, अँड आय हॅव करेक्टेड हर. काइंडली एक्सक्यूज."

क्रिशच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. इतके दिवस काय चाललं होतं, ते त्याला एका झटक्यात उमगलं असणार. "हाय! व्हॉट्स युवर नेम?"

"शंकरप्पा, सर."

"हे शंकरप्पा! कॉल मी क्रिश, मॅन. नो वरीज!"

मास्तरांचे जोडलेले हात तसेच राहिले. मुरुममध्ये त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारा माणूस उरलेला नाही. कान लाल झाले. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, उकळ्या फुटल्या. पण तो आनंद चहा निवायच्या आत संपला, कारण हर्षाली हसत नव्हती.

"सर, यू लिसन टु हर मीटिंग्ज? एव्हरी डे?"

"येस मॅडम," मास्तर सावरून म्हणाले. प्रश्न आपल्या पद्धतीचा आला म्हणून त्यांना धीर आला होता. "डेली, विदाउट फेल. माय फ्रेंड मिस्टर वीरप्पा हॅज ऑल्सो अटेंडेड."

आमच्या मीटिंगमध्ये ग्राहकांची खासगी माहिती असते. बाहेरच्या माणसाच्या कानावर ती जाऊ द्यायची नाही, हा घरून काम करण्याचा पहिला नियम. हर्षालीनं माझ्याकडे बघितलं, मान खाली घालून काहीतरी टिपलं आणि म्हणाली, "थँक यू, शुभांगी. वी शॅल रिव्हर्ट." इतकी वर्षं आम्ही एकमेकींना यार म्हणत होतो. तिचं ते वाक्य ऐकलं तेव्हाच मला निकाल कळला.

मीटिंग बंद झाल्यावर मास्तर म्हणाले, "साहेबानं माफ केलं. बोलणं जरा उथळ हाय त्याचं, पर मनानं चांगला हाय."

संध्याकाळी निकाल आला. परवानगी नाही. पंधरा तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. क्रिशनं वेगळं एक वाक्य पाठवलं होतं, की तू मला आधी सांगायला हवं होतंस. ते वाचून मी जिन्यावर बसून रडले. आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. मास्तर खालून म्हणाले, "सोड मग नोकरी. घरात काय कमी हाय तुला?"

चुकलं, असं एकदा तरी म्हणतील म्हणून मी रात्रभर वाट पाहिली. शंभुलिंगला मी सांगून टाकलं, मी पुण्याला जाणार. नोकरी सोडणार नाही. महिन्याला येईन, तुम्हाला जमेल तेव्हा तुम्ही या. तो नको म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांपुढं चहा ठेवला आणि म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर. युवर टी."

ते दचकले. मग खुलले. आपण शिकवलेलं फळाला आलं, असं त्यांना वाटलं. वीरप्पांना बोलावून त्यांच्यासमोर माझ्याकडून पाणी मागवून घेतलं. "सर्टनली, सर," मी म्हटलं. वीरप्पांनी मान डोलावली. मास्तरांनी मिशीवरून बोट फिरवलं.

मी थांबले नाही. केर काढताना, "काइंडली लिफ्ट युवर फीट, सर." जेवायला वाढताना, "वुड यू केअर फॉर अनदर भाकरी, सर?" आत्याबाईंशी आणि नवऱ्याशी मी नेहमीसारखी बोलत होते, उलट जरा जास्तच. फक्त त्यांच्याशी हे इंग्रजी. आवाज चढवला नाही, उलट बोलले नाही, एक काम टाळलं नाही. नाव ठेवायला त्यांना जागा सापडेना.

दोन-चार दिवसांत त्यांचं खुलणं ओसरलं. तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ह्या घरात त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच होते. मुलगा घाबरून बोलत नव्हता, बायकोनं तर फार पूर्वीच सोडून दिलं होतं. अप्पा, तो सराफाचा पोरगा बिनहेल्मेटचा हिंडतोय बघा. अप्पा, बीपीची गोळी घेतली का. अप्पा, तुम्ही चुकताय. हे सगळं मीच म्हणत होते. त्यांच्याशी भांडत होते तीसुद्धा मीच. आता घरात त्यांच्याशी भांडायलाही कोणी उरलं नाही. हे ध्यानात आलं तरी मी थांबले नाही.

एका दुपारी त्यांना कणकण आली. मी गोळी आणि पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. "काइंडली टेक युवर टॅब्लेट, सर."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "अप्पा म्हण की गं."

"आय बेग युवर पार्डन, सर?"

"काय न्हाय. जा."

आत्याबाई दारातून हे ऐकत होत्या. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाल्या, "बास कर की आता, म्हातारा माणूस हाय." मी म्हटलं, तुम्ही सांगत असाल तर करते. त्यांनी पिठाचा गोळा हातात घेतला, बराच वेळ मळत राहिल्या, आणि दुसऱ्यांदा काही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी माझी बॅग मास्तरांनी स्वतः उचलली. शंभुलिंग पुढं झाला तर त्याला हातानं बाजूला केलं. सुनेची बॅग घेऊन मास्तर पेठेतून चालले आहेत, हे बघून दुकानदार सवयीनं उभे राहिले आणि उभं राहून काय करावं ते त्यांना कळेना. वीरप्पांनी घाण्यावरून हाक मारली, "शरणार्थी मास्तर, सूनबाई निघाल्या वाटतं?" मास्तरांनी तिकडं बघितलं नाही.

स्टँडवर सोलापूरची गाडी लागली होती. शंभुलिंग जागा धरायला आत चढला. बाहेर मी आणि ते.

"पोचलीस की फोन कर."

मी गप्प.

"हर महिन्याला येतीस न्हवं?"

त्यांनी बॅग खाली ठेवली. इकडं तिकडं बघितलं. त्यांचे कितीतरी विद्यार्थी स्टँडवर होते. तरी बोलले. "शुभांगी." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. "लई झालं आता. शिव्या दे मला. तुला पायजे तेवढ्या दे. पर आपल्या बोलीत दे."

अप्पा हा शब्द दातांपर्यंत आला होता. तेवढ्यात शंभुलिंग खिडकीतून वाकून म्हणाला, जागा मिळाली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला आठवलं की आता तो इथं राहणार आहे आणि मी तिकडं.

"थँक यू फॉर युवर असिस्टन्स विथ द लगेज, सर," मी म्हटलं. "इट इज मच अ‍ॅप्रिशिएटेड."

वाक्यात एकही चूक नव्हती. मास्तरांनी नुसती मान हलवली, शाळेत बरोबर उत्तराला हलवत असतील तशी, आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. मी बॅग उचलून गाडीत चढले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीबाहेर बघितलं नाही.